पेटीतले चार डॉलर

ऑसबर्न, जॉर्जिया
१३ जुलै १९१५

थॅड,

तुझा पत्ता मोझेलकडून मिळवला. तिचा चुलतभाऊ क्लीव्हलँडला तुझ्याच कारखान्यात आहे म्हणे. पत्ता देताना ती जे हसली त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. अकरा वर्षांनी पत्र आलंय म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही.

मुद्द्याचं लिहिते. गिलियड मदत मंडळाच्या पेटीतून तू घेतलेले चार डॉलर अजून यायचे आहेत. मंडळाची सेक्रेटरी अजूनही मीच आहे. पेटी माझ्या पलंगाखाली असते, किल्ली गळ्यात असते आणि वहीत तुझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. तू आता चांगला कमावतोस असं ऐकते. रक्कम फेडायला हरकत नसावी.

पत्र लिहायला घेतलंच आहे तर इकडचंही कळवते. तुला गिरणीतला लॉन्झो आठवत असेल. लाकडं कापायचा आणि रविवारी चर्चमध्ये खर्जात गायचा तो. तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही लग्न केलं. गेल्या शनिवारी शहराच्या शिपायाने त्याला धरून नेलं. कारण अगदी क्षुल्लक आहे. आमच्या दारातून धुण्याचं पाणी रस्त्यावर गेलं. शहराने यंदा नवा नियम काढलाय की धुण्याचं पाणी रस्त्याच्या चरात सोडायचं नाही. मग कुठे सोडायचं, ते नियमात लिहिलेलं नाही.

काल सोमवार होता. सोमवारी सकाळी मेयर आपलं बी-बियाण्याचं दुकान उघडायच्या आधी कोर्ट उरकून घेतो. एका तासात सतरा माणसं झाली. सतराही आपल्या काळ्या वस्तीतलीच. लॉन्झोला पाच डॉलर दंड आणि वर कोर्टाचा खर्च चार डॉलर. एकूण नऊ. नाही भरले तर तीस दिवस शहराच्या रस्त्यावर काम, पायात साखळी घालून.

मी कोंबड्या आणि त्याचा थंडीचा कोट विकून पाच जमवलेत. चार कमी पडतात. आठवड्याला धुण्याचे पावणेदोन मिळतात, त्यातले सव्वा घरमालक नेतो. तो माझा प्रश्न आहे, मी बघून घेईन. गेल्या हिवाळ्यात लॉन्झोला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले की एकच फुप्फुस धड उरलंय, धूळ आणि जड काम टाळा. रस्त्यावर दुसरं काही नसतंच. एवढं सोडलं तर बाकी ठीक.

मंडळाची रक्कम लवकर पाठवावीस.

अर्डेलिया टब्स
सेक्रेटरी


२२ जुलै १९१५

थॅड,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते. पोचूनही न लिहिणारा माणूस आहेस तू, तेही मला माहीत आहे.

शहर मॅग्नोलिया स्ट्रीटवर दगड बसवतंय. मी ज्यांचं धुणं धुते त्या मिस कोरांचं घर त्याच रस्त्यावर आहे. सप्टेंबरात त्यांच्या मुलीचं लग्न आहे आणि पाहुण्यांच्या मोटारी चिखलात रुतायला नकोत. त्यामुळे कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाले की माझा नवरा मला रोज दिसतो. अंगात पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, दोन्ही घोट्यांना कडी, मध्ये हातभर साखळी. आधी खोदायचं, मग खडी फोडायची, मग दगड बसवायचे. खडी फोडताना पांढरी धूळ उठते आणि तो खोकताना मला कोपऱ्यापासून ऐकू येतं.

बोलायची मनाई आहे. पहिल्या दिवशी मी थांबले तर बंदूकवाला पहारेकरी खेकसला, "ए बाई, चालती हो. की तुलाही फावडं देऊ?"

लॉन्झो मान वर न करता म्हणाला, "साहेब, तिला नका देऊ. ती माझ्या दुप्पट खणेल, मग मला कोण ठेवून घेईल?"

साखळीतले सगळे हसले. पहारेकरीही पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्याने लॉन्झोचा एक दिवस वाढवला.

असे दिवस वाढतात, हे मला ठाऊक नव्हतं. पावसाचा दिवस धरत नाहीत. रविवार धरत नाहीत. आजारी पडून बसलास तर तो दिवस धरत नाहीत आणि त्या दिवसाच्या जेवणाचा अर्धा दिवस वर चढवतात. दहा दिवस झाले तर पाचच भरलेत. मी ते पाच डॉलर घेऊन कोर्टाच्या कारकुनाकडे गेले होते.

"पाच घ्या आणि उरलेल्याचे दिवस घ्या," मी म्हटलं.

"नऊ आणायचे, एकदम आणायचे," तो म्हणाला. "हे काय कापडाचं दुकान आहे, वारावर घ्यायला?"

मग मिस कोरांना विचारलं. थॅड, मी त्या घरात चौदा वर्षं धुतेय, आजवर जुनं पातेलंसुद्धा मागितलेलं नाही. मी म्हटलं, "मिस कोरा, मेयरसाहेब तुमच्याकडे जेवायला येतात. लॉन्झोसाठी एक शब्द टाकाल का?"

त्यांना खरंच वाईट वाटलं. डोळे पाणावले. "अगं अर्डेलिया, मी नक्की टाकला असता गं. पण हा रस्ता लग्नाआधी व्हायला हवा, म्हणून मीच त्यांच्या मागे लागलेय. आता माणसं सोडा असं कुठल्या तोंडाने सांगू?" आणि मग खिडकीतून बघत म्हणाल्या, "तो उंच, तोच ना तुझा? फार नीट दगड बसवतो हं."

नीट बसवतोच. त्याला कुठलंच काम वाईट करता येत नाही.

मंडळाच्या रकमेची वाट पाहते आहे.

अर्डेलिया टब्स


१ ऑगस्ट १९१५, रविवार

थॅड,

आज त्याला भेटले. शहराची कोंडवाड्यासारखी जागा आहे गावाबाहेर, कुंपणाच्या तारेपलीकडे ते उभे राहतात आणि अलीकडे आम्ही बायका. मी मक्याची भाकरी, रताळी आणि काकवी नेली होती. भाकरी पहारेकऱ्याने मोडून बघितली, आत कानस आहे की काय म्हणून. मग अर्धी त्यानेच खाल्ली.

लॉन्झो निम्मा झालाय. खोकल्याबरोबर रक्त येतंय. तो म्हणाला रताळ्याचा रंग आहे. मी काय खुळी आहे?

"शहराच्या डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. त्याने पाठीवर थाप मारली आणि 'कामाला योग्य' असं लिहून दिलं. ताकद आहे म्हणे माझ्यात."

मंडळाचा नियम तुला पाठ असेल. आजाऱ्याला आठवड्याला एक डॉलर, तोही डॉक्टरची चिठ्ठी असेल तर. मेलेल्याला पंचवीस डॉलर. बाकी कुणाला, कशासाठीही, काही नाही. लॉन्झोच्या चिठ्ठीवर 'योग्य' लिहिलंय. म्हणजे तो आजारी नाही आणि मेलेलाही नाही, तेव्हा मंडळ त्याला ओळखत नाही. आणि मी त्या पेटीवर झोपते.

मग मी तारेला तोंड लावून म्हटलं, "मी जाऊन सांगते त्यांना. पाणी मी ओतलं होतं म्हणून."

हे तुला सांगितलं नव्हतं. टब मी रिकामा केला होता, दार न लावता, रस्त्याकडे न बघता. शिपाई आला तेव्हा मी हात पुसत उभी होते आणि लॉन्झो नुकता गिरणीतून आला होता. त्याने माझ्या हातातला टब घेतला आणि म्हणाला, "मी ओतलं." शिपायालाही दिसत होतं. त्याला माणूसच हवा होता, बाई नेऊन रस्ता होत नाही.

आज तो मला दटावत म्हणाला, "गप्प बस. तू आत आलीस तर धुणं कोण धुणार, भाडं कोण देणार? आणि ते मला सोडतील असं वाटतं तुला? दोघांनाही ठेवतील." मग म्हणाला, "डीली, तू मंडळाचं बघणाऱ्या डीकन रीडला विचारून बघ ना. पेटीतून उसने. मी सुटलो की दोन महिन्यांत फेडतो."

मला डीली फक्त तुम्ही तिघंच म्हणत आलात. तू, पपा आणि तो.

वहीत मी कधीच लिहिलं नाही की तुझे चार डॉलर कशाला गेले. 'थॅडियस प्राइस याने पेटीतून परस्पर काढले' एवढंच लिहिलं. पपा स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसले होते, शिपायाने त्यांना रिकामटेकडा म्हणून धरलं आणि चार डॉलर दंड ठोकला, हे लिहिलं नाही. तू माझी किल्ली घेतलीस आणि दुपारी पपांना हात धरून घरी आणलंस, हेही नाही. ते आणखी दोन वर्षं जगले, थॅड. आपल्या बिछान्यात गेले, मी पाय चोळत होते. आणि त्या सोमवारी मी सभेत उभी राहून माझ्या एकोणीस वर्षांच्या भावाकडे बोट दाखवलं, कारण पेटी सगळ्यांची होती आणि किल्ली माझी होती.  तू तिथेच टोपी घातलीस, चर्चच्या आत, जिथे पुरुष टोपी काढून बसतात. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं.

उद्या महिन्याचा पहिला सोमवार आहे. सभा आहे. मी विचारणार आहे. मला विचारायलाच हवं.

अर्डेलिया


९ ऑगस्ट १९१५

थॅड,

तुझं पाकीट पोचलं.

आधी सभेचं सांगते. मी विचारलं नाही. वही वाचली, वर्गणी गोळा केली, सिस्टर पॉलीनच्या गुडघ्यासाठी एक डॉलर मंजूर झाला. रेव्हरंड पेटीग्रू म्हणाले, "आणखी काही विषय?" मी उभी राहिले. समोर मोझेल बसली होती. ती नुसती बघत होती, हातातला पंखा थांबवून. अकरा वर्षांपूर्वी ती तुझ्याशी लग्न करणार होती हे मी विसरलेली नाही. तीही नाही. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी काय विचारणार आहे. ते वाट बघत होते. डीकन रीड हळूच म्हणाले, "बोला सिस्टर टब्स, आपलीच माणसं आहेत."

मी म्हटलं, "खिडकीची काच फुटलीये, ती बघायला हवी."

आणि खाली बसले. भावाला ज्याच्यासाठी गावातून घालवलं तेच नवऱ्यासाठी मागायचं, हे मला जमलं नाही. लाज वाटली. लॉन्झो रक्त ओकत होता आणि मला लाज वाटली.

आता तुझे पैसे. शनिवारी पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'सेक्रेटरी, गिलियड मदत मंडळ'. आत चार डॉलर आणि एक चिठोरी, 'पूर्ण फेड. पावती पाठवावी.' माझं नाव कुठेच नव्हतं. बरोबर आहे, मी तेच मागितलं होतं. मी मंडळासाठी मागितले, तू मंडळाला पाठवलेस.

पाच माझ्याकडे होते. चार टेबलावर पडले होते. घरात कुणी नव्हतं. पाकीट पोस्टमनशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं आणि तो कोर्ट सहा वाजता बंद होतं असं उगाच सांगून गेला. घड्याळात साडेचार वाजले होते. मी टोपी घातली, पैसे रुमालात बांधले आणि फाटकापर्यंत गेले. खरंच गेले, थॅड.

फाटकावरून परत आले. पेटी काढली, उघडली, तुझे चार डॉलर आत ठेवले आणि वहीत तुझ्या नावापुढे तारीख घातली. मला वाटलं, मी हे घेतले तर अकरा वर्षांपूर्वी तुझ्यावर जे केलं ते कशासाठी केलं? मग ते निव्वळ दुष्टपणाचं ठरतं. तसं ठरू नये म्हणून मी पेटी बंद केली. हे लिहिताना कळतंय की हा केवढा वेडेपणा आहे. शनिवारी कळलं नाही.

पावती सोबत आहे. रीतसर आहे, शिक्का आहे.

तुझ्याकडे आणखी चार असतील का? माझ्या नावाने. तेरा दिवस भरायचे राहिलेत आणि त्याचे पाय सुजलेत. दोन दिवसांपूर्वी त्याने मला ओळखलं नाही, किंवा ऊन डोळ्यांवर होतं.

अर्डेलिया


१५ ऑगस्ट १९१५

थॅड,

लॉन्झो काल दुपारी गेला. मिस कोरांच्या फाटकासमोर. दगड उचलताना बसला तो उठलाच नाही. पहारेकऱ्याला वाटलं नाटक करतोय, त्याने पाण्याची बादली ओतली. पाणी चरात गेलं, रस्त्याच्या चरात. त्याला कुणी दंड केला नाही.

मी आत इस्त्री करत होते, लग्नाचे टेबलक्लॉथ. मिस कोराच धावत आल्या. "अर्डेलिया, बाहेर जाऊ नकोस," म्हणाल्या. मी गेले. साखळी काढायला किल्ली हवी होती आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. तो येईपर्यंत पाऊण तास मी दगडावर बसून त्याचं डोकं मांडीवर धरलं. त्याच्या दोन्ही बाजूची माणसं साखळीत होती, त्यांना दूर सरकता येईना. ती तशीच आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तेवढीच त्यांना देता येण्यासारखी गोष्ट होती.

शहर म्हणालं, आम्ही पुरतो. मी म्हटलं, नाही, त्याचं मंडळ आहे.

तुझे आणखी चार आले नाहीत. माझं पत्र तुला उशिरा मिळालं असेल. मी तुला दोष देत नाही. तुला दोष द्यायचा काळ मी कधीच खर्चून टाकलाय.

डीली


७ सप्टेंबर १९१५

माझ्या भावा,

तुझं पत्र आणि चार डॉलर ऑगस्टच्या एकोणीस तारखेला आले. तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटलाय. 'मला आधीच सांगायला काय झालं होतं' असं विचारलंयस. काही झालं नव्हतं. तोंड होतं, हात होता, शाई होती. माझा ताठा नडला, दुसरं काही नाही. ते पैसे मी घरभाड्याला दिले, ऑगस्टचं थकलं होतं.

पेटीतून पंचवीस डॉलर निघाले. डीकन रीडनी स्वतः मोजून हातात दिले. चारसाठी जी पेटी उघडली नाही ती पंचवीससाठी लगेच उघडली, नियमात बसत होतं म्हणून. ते आणि माझे जमवलेले पाच, सगळे अंत्यविधीत संपले; शवपेटी देवदाराची घेतली. तिच्या कड्या चार डॉलरला पडल्या. मी मनात धरलं की त्या तुझ्या. तेवढाच तुझा हात लागला त्याला.

आपल्या मंडळाची मिरवणूक तुला आठवत असेल. पांढरे हातमोजे, जांभळे पट्टे, पुढे एकच ढोल, मागे आम्ही बायका जोडीजोडीने. नेहमी मागच्या रस्त्याने जातो. मी म्हटलं, मॅग्नोलिया स्ट्रीटवरून जायचं. डीकन म्हणाले, "सिस्टर, तिथून आपण कधी गेलो नाही."

"त्याने बनवलाय तो रस्ता," मी म्हटलं. "त्याच्यावरून एकदा तरी जाऊ दे त्याला."

मोझेल पुढे झाली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. माझा पट्टा तिने खांद्यावर सरळ केला. मग सगळे निघाले. दगड इतके सपाट बसलेत, थॅड, की खांदेकऱ्यांचं पाऊल एकदाही अडखळलं नाही. मिस कोरांच्या घराचे पडदे ओढलेले होते. ढोल वाजत होता आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडले, भर रस्त्यात, पडद्यांसमोर.

कोपऱ्यावर शिपाई उभा होता. परवान्याशिवाय मिरवणूक. परवाना लागतो हे मागच्या रस्त्याने जाणाऱ्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मंडळाच्या वतीने कोण जबाबदार, विचारलं. सेक्रेटरी मी. मेयरने पुढच्या सोमवारी पाच डॉलर दंड ठोकला आणि चार खर्च. चष्म्यावरून बघत म्हणाला, "पाण्याचंच ना हे घर? तुम्हा लोकांना समजत कसं नाही?" नाहीतर तीस दिवस. बायकांना रस्त्यावर लावत नाहीत. कोंडवाड्यात साखळीतल्या माणसांचे कपडे धुवायचे. मी ते पट्ट्यापट्ट्यांचे कपडे दुरून पाहिलेत. आता जवळून बघेन.

मुदत येत्या तेरा तारखेपर्यंत आहे. ती मिस कोरांनी मिळवून दिली. अकराला लग्न आहे आणि लग्नाचे कपडे अर्धवट सोडून गेले तर त्यांची पंचाईत होईल. या वेळी त्यांनी मेयरकडे शब्द टाकला.

काल सभा होती. या खेपेला मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, नियमात तिसरं नाव घाला. आजारी, मेलेला आणि शहराच्या हाती सापडलेला. मी लॉन्झोचं सगळं सांगितलं, पाणी कुणी ओतलं तेही. तुझं सांगितलं, पपांचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मी चूक केली असं त्याच जागी उभी राहून म्हटलं, ज्या जागी तुझ्याकडे बोट केलं होतं. सिस्टर पॉलीन रडायला लागली.

मग डीकन रीड उठले. ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "मुली, तुझं खरं आहे. पण पेटीत दंड भरायला पैसे आहेत हे ज्या दिवशी मेयरला कळेल, त्या दिवसापासून दर सोमवारी सतराच्या जागी चाळीस माणसं उभी असतील. पेटी महिनाभरात संपेल. मग मेलेल्यांनाही शहरच पुरेल."

  मतं घेतली. नऊ हात माझ्या बाजूने, चौदा विरुद्ध. मीच मोजले, मीच वहीत लिहिले. मोझेलचा हात माझ्या बाजूने होता.

दुसरा ठराव मात्र एकमताने झाला. रक्कम पूर्ण फेडल्यामुळे थॅडियस प्राइस याचं नाव पुन्हा सभासदांत घेतलं. म्हणजे तू आता मंडळाचा आहेस. मेलास तर तुला पंचवीस डॉलर मिळतील. लवकर नको मिळवूस.

धुणं वाळत घातलंय, ते काढायच्या आत हे संपवते. नववधूच्या चादरींना नीळ जरा जास्त झाली आहे, पण आता कोण बघतंय.

थॅड, मी सरळ मागते. मला अजून नीट येत नाही, पण मागते. नऊ डॉलर पाठव. हे पत्र तुला दहापर्यंत मिळेल, त्याच दिवशी निघाले तर तेरा तारखेला पोचतील. तुझ्याकडे नसतील हे मला दिसतंय, मागचे चारही तू कुणाकडून तरी घेतले असणार. नसतील तर मी धुवेन, धुणं मला येतं. माझे हात चांगले आहेत, माझं लॉन्झोसारखं नाही, तीस दिवसांचे साठ झाले तरी मी बाहेर येईन असं वाटतं. बाहेर येऊन कुणाकडे जायचं ते अजून ठरवलेलं नाही. घर तोवर जाईल.

पण असतील, तर एक कर. पाकिटावर मंडळाचं नाव घालू नकोस. सेक्रेटरी लिहू नकोस. नुसतं डीली लिही. सेक्रेटरीच्या नावाने आले तर मी ते घेऊन फाटकापर्यंत जाईन आणि परत येऊन पेटीत टाकीन. मी स्वतःला ओळखते.

डीली